डावा कौल

देवानं सांगितलं, देवीनं अडवलं, असं कुणी बोलू लागलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. आता पडत नाही असं नाही, पण पूर्वीसारखी लगेच पडत नाही. हे लिहायला बसतानाही मनात धाकधूक आहे, की वाचणारा म्हणेल, घ्या, मास्तरही गेले त्या वाटेला. म्हणून आधीच सांगतो. मी चमत्कार पाहिला असा माझा दावा नाही. जे घडलं ते ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं सांगणार आहे. अर्थ ज्याचा त्यानं लावावा. मला तो अजून पुरता लागलेला नाही आणि त्या कुतूहलापोटीच हे लिहितो आहे.

आमचं गाव रहिमतपूरच्या बाजूला. वडील लवकर गेले. आईनं शेत केलं, थोरल्या भावाला पुण्यात कंपनीत चिकटवलं आणि मला साताऱ्याला कॉलेजात घातलं. वनस्पतिशास्त्र घेऊन मी बी. एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. काळा झगा घातलेला माझा फोटो आईनं देव्हाऱ्याच्या वर टांगला, देवांपेक्षा हातभर उंच. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पुढं सांगलीजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो, लग्न झालं, संसार लागला. पण एक वेड कॉलेजपासून जडलं होतं ते सुटलं नाही. ते रानफुलांचं.

पाऊस ओसरू लागला की सुट्टीच्या दिवशी मी साताऱ्याची एस.टी. धरायचो आणि कासच्या पठारावर जायचो. नव्वद-एक्क्याण्णवच्या त्या दिवसांत तिथं आजच्यासारखी गर्दी नसे. गुराखी, धुकं आणि फुलं. लोक उभ्यानं बघायचे आणि ‘काय गालिचा आहे’ म्हणून परत फिरायचे. मी मात्र गवतात पालथा पडून भिंगातून बघायचो. दवबिंदू नावाच्या किडेखाऊ झुडपाच्या पानावर चिकटलेलं चिलट, सीतेची आसवं म्हणतात त्या निळ्या फुलाच्या मुळाशी किडे पकडणारी इवलीशी पिशवी. सगळ्यांत लाडकं कंदीलपुष्प. त्याच्या नळीत माशी उतरते आणि आतल्या केसांमुळं तिला बाहेर येता येत नाही. मग फुलाचं काम झालं की ते केस आपोआप कोमेजतात, माशी सुखरूप सुटते आणि जाताना पराग घेऊन जाते. हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की पोरं माझ्या मागं मला ‘कंदील गुरुजी’ म्हणायची.

आईचा देव वेगळा. गावदेवी जानुबाई. आमच्याकडं घरात काही अडलं की कौल लावतात. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो, आपण प्रश्न सांगायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी कॉलेजात असताना आईला म्हणालो होतो, “आई, कळी सुकते म्हणून पडते. जिला पाणी कमी लागलं ती आधी.” आईनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं होतं, “ते मला बी ठावं हाय. पर कुठली आधी सुकायची ते कोण ठरिवतं, ते तुज्या पुस्तकात हाय का?” मी हसलो होतो. प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

त्या वर्षी भाद्रपदात मी पठारावरून आलो आणि दीड-दोन आठवड्यांनी ताप भरला. पहिल्यांदा वाटलं, भिजण्याचा ताप. मग डोकं असं फुटायला लागलं की डोळे उघडवेनात. गावातल्या डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. उतरला नाही. विषमज्वर म्हणून इंजेक्शनं झाली. उतरला नाही. डोळे लालभडक झाले, खोकला लागला, दोन पावलं चाललं की धाप लागायची. माझ्या बायकोनं, सुमननं, शेवटी कुणाचं न ऐकता गाडी केली आणि मला मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात आणून टाकलं. तिथं तपासण्या झाल्या. लघवी कमी होत चालली होती, कावीळ दिसू लागली होती, रक्त तपासून काही ठोस हाती लागत नव्हतं. डॉक्टर सज्जन होते. ते सुमनला सरळ म्हणाले, “ताप कशाचा ते आम्हाला कळत नाहीये. कळलं नाही तर औषध तरी कशावर देऊ?”

इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी. आजारी पडायच्या आधी आंघोळ करताना मला कमरेला, डाव्या अंगाला, करदोऱ्याखाली एक खपली लागली होती. काळी, करडईच्या दाण्याएवढी, भोवती थोडी लाली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. करदोरा नवा, नायलॉनच्या गोफाचा होता. मला वाटलं, तो घासला. सुमनला वाटलं, तो घासला. तिनं खोबरेल लावलं आणि आम्ही विसरून गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही पोट तपासताना दोऱ्याच्या कडेला लाली पाहिली होती आणि त्यांनाही तसंच वाटलं. आमच्या भागात कुणालाही तेच वाटलं असतं. शंभरातल्या नव्वद पुरुषांच्या कमरेला करदोऱ्याचा वळ असतोच. एक्स-रे काढायच्या वेळी वॉर्डातली बाई कात्री घेऊन करदोरा कापायला आली, तेव्हा सुमननं तिचा हात धरला. “त्याला हात लावायचा नाही!” ती अशी ओरडली की शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. आमच्याकडं माणूस गेल्यावरच करदोरा तोडतात. बदलायचा झाला तरी आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. कमर क्षणभरही मोकळी ठेवायची नाही. त्या बाईलाही हे ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याच्याही कमरेला असणारच. तिनं मुकाट्यानं कात्री खिशात घातली. अशा रीतीनं तो दोरा, आणि त्याच्याखाली जे होतं ते, जागच्या जागी राहिलं.

थोरला भाऊ पुण्याहून आला. मला बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं डॉक्टरांशी बोलून ठरवलं, पुण्याला न्यायचं. गाडी सांगितली, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. डॉक्टर म्हणाले, “नेऊ शकता. पण वाटेत धाप वाढली तर काय, हे मी सांगू शकत नाही.” मी हे सगळं ऐकत होतो, पण पाण्याखालून ऐकावं तसं. एवढं समजत होतं की माझ्याबद्दल बोलणं चाललंय आणि त्यात मला काही बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. भांगसुद्धा दुसरं कुणीतरी पाडत होतं. तापाच्या गुंगीत मला ते कंदीलपुष्प दिसायचं. वाटायचं, मी नळीत उतरलोय, केस आतल्या बाजूला वळलेत, आणि फडफडून उपयोग नाही. आश्चर्य म्हणजे भीती वाटत नव्हती. एवढंच कुतूहल होतं, की हे केस कोमेजणार कधी.

भावानं गावी निरोप धाडला होता. आईनं आधी देवळाची वाट धरली. तिथं काय झालं ते मी नंतर तिच्याकडून खोदून खोदून काढून घेतलं. तिनं कौल लावला, ‘लेकाला पुन्याला न्यावं का?’ डावी कळी पडली. आईला ते सोसवेना. थोरला एवढा धडपडतोय, पुण्यात मोठे डॉक्टर आहेत, आणि देवी नाही म्हणते? ती गुरवतात्यांना म्हणाली, “पुन्यांदा लावा.” तात्या म्हणाले, “एकडाव इचारलं की झालं. आवं, तुमी इचारायला आलाय का सांगायला?” आई तिथंच पायरीवर बसून रडली. मग तात्यांनी देवीच्या पायाशी ठेवलेला एक साधा काळा सुती करदोरा तिच्या हातात दिला, अंगाऱ्याची पुडी दिली आणि म्हणाले, “ह्यो बांधा पोराच्या कमरंला. न्यायचं का न्हाई ते मग बगू.”

ती सकाळी मिरजेला पोचली तेव्हा गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती. भाऊ बिलाच्या खिडकीपाशी, सुमन कपड्यांची पिशवी भरून तयार. आई सरळ माझ्या खाटेपाशी आली. “न्हेऊ नगा,” म्हणाली. “डावी कळी पडलीया.”

भाऊ खवळला. “आई, एका फुलावर माणूस ठेवायचा का? हा मरायला टेकलाय!”

“तुज्या तोंडात किडं पडूत. कोन मरायला टेकलंय?”

“मग काय करू सांग. इथं ह्यांना ताप कळंना.”

“आत्ती, गाडी खाली थांबलीय,” सुमन सासूला रडवेल्या आवाजात म्हणाली. “आता नाही म्हणू नका.”

आईनं तिघांकडं बघितलं. ती हट्टी बाई आहे, पण त्या क्षणी तिचाही धीर सुटला असावा. “न्यायचंच आसंल तर न्या,” ती म्हणाली. “मी आडवी पडनार न्हाई. पर ह्यो करदोरा बांधल्याबिगर ह्याला खाटंवरनं हलवू द्यायची न्हाई.” आणि तिनं माझा सदरा वर केला.

नवा दोरा तिनं आधी बांधला. मग जुन्याची गाठ सुटेना, नायलॉन घट्ट बसला होता. सुमननं सिस्टरकडून कात्री आणली आणि जुना कापून बाजूला ओढला. त्याच्याबरोबर घामानं मऊ झालेली कातडीही थोडी निघाली आणि ती काळी खपली पहिल्यांदा उघड्यावर आली. विडी टेकवल्यावर डाग पडावा तशी, गोल आणि काळी.

शेजारच्या खाटेवर मूळव्याधीचं ऑपरेशन झालेले एक काका होते. त्यांच्याकडं त्या सकाळी त्यांचे मेहुणे भेटायला आले होते. उंच, पिकल्या मिशांचे, सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. आमचा तमाशा ते आदबीनं दुसरीकडं तोंड करून ऐकत होते. खपली दिसली तसे ते उठले. “माफ करा, मध्ये बोलतो,” म्हणाले आणि वाकले. बोटानं खपलीभोवती दाबलं, मग जांघेत दाबून बघितलं. तिथं गाठ होती.

“काय रं गड्या,” त्यांनी मला विचारलं, “गवतात लोळतोस काय?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी मान हलवली, होय. सुमन म्हणाली, “ते रानफुलं बघायला पठारावर जातात. पालथे पडून बघतात.”

“फुलं बघायला?” त्यांनी मोठ्यानं हसून आईकडं पाहिलं. “आई, तुमचा लेक आमच्या जवानांच्या वरताण निघाला. ते निदान हुकूम होता म्हणून लोळायचे.”

ईशान्येकडच्या डोंगरात चाकरी केलेल्या जवानांमध्ये हा ताप त्यांनी पुष्कळ पाहिला होता. गवतातली एक अगदी बारीक अळी, डोळ्याला धड दिसतही नाही, कपडा किंवा पट्टा जिथं घट्ट असतो तिथं चावते. चावल्याचं कळत नाही. खपली धरते, मग ताप. स्क्रब टायफस. मी विज्ञानाचा शिक्षक, हे नाव मी ऐकलेलंही नव्हतं. आमच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. दोघं बाहेर उभे राहून थोडा वेळ बोलले. आमचे डॉक्टर आत आले, स्वतः खपली बघितली आणि म्हणाले, “मी पुस्तकात वाचलं होतं. ह्या भागात मिळेल असं मनातच आलं नाही. पुण्याची गाडी थोडी थांबवा.” औषध साधं निघालं. कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूल. आतापर्यंतच्या भारी इंजेक्शनांपैकी एकही ह्या तापावर चालणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घाम फुटला. चादर भिजली, उशी भिजली. सुमननं कपाळाला हात लावला, मग परत लावला, मग आईचा हात ओढून लावला. भाऊ खाली जाऊन चहा घेऊन आला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना वाटत सुटला. पिकल्या मिशांचे डॉक्टर त्यानंतर आलेच नाहीत. शेजारच्या काकांना घरी सोडलं, त्यांच्याबरोबर तेही गेले. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं. पत्ता काढण्याची पुढं खटपट केली, पण लागला नाही. आपण काही विशेष केलं असं त्यांना वाटलंच नसेल, असं आता वाटतं.

बरं व्हायला दिवाळी उलटली. भिंत धरून चालायला शिकलो. ह्या काळात माझं डोकं मात्र स्वस्थ नव्हतं. करदोरा आधी कापला असता तर आधीच कळलं असतं, हेही खरं. पण तेव्हा तिथं ते ओळखणारा माणूस कुठं होता? कौल उजवा पडला असता तर आई देवळातून रिकाम्या हातानं आली असती. आई थोडी उशिरा पोचती तर गाडी निघाली असती. प्रत्येक गोष्ट वेगळी धरून बघितली तर साधी. एकाला एक जोडून बघितली की माझं वनस्पतिशास्त्र गप्प व्हायचं. मी आईला पुन्हा पुन्हा विचारायचो, कळी किती भिजवली होती, वारा होता का, समई कुठं होती. ती शेवटी वैतागली. “आरं, जीव वाचला तर वाचला म्हन की. त्याचं बी भिंग लावून काय बघतोस?”

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही देवीला गेलो. ओटी भरली, नारळ फोडला. दवाखान्यातून आल्यापासून घरात एका गोष्टीवर कुणी बोललं नव्हतं, ती म्हणजे डोंगर. आईनं दवाखान्यातच सांगून टाकलं होतं, “परत त्या गवतात पाय ठिवलास तर माजं मेलेलं तोंड बघशील.” आकाश भरून आलं की सुमनचा चेहरा बदलायचा. आणि माझा जीव तर पठारावरच अडकलेला. फुलं नाहीत तर मी निव्वळ पाठ्यपुस्तक वाचून दाखवणारा मास्तर. तेव्हा मीच म्हणालो, “तात्या, कळ्या लावा. मला विचारायचंय, ह्या वर्षी डोंगराला जाऊ का?”

आई बघत राहिली. तात्या हसले. “मास्तर, नीट इचारा. देवी तुमच्यासारखी न्हाई, अर्धे मार्क देत नसती.”

आता खरं काय ते सांगतो. मी आधीच बघून ठेवलं होतं. समई देवीच्या उजव्या हाताला, अगदी जवळ जळत होती. त्या बाजूची कळी लवकर सुकणार आणि आधी पडणार, म्हणजे उत्तर ‘होय’ येणार, असा माझा हिशेब होता. श्रद्धा आणि शास्त्र दोन्ही एकाच बाजूला, मग काळजी कसली? तात्यांनी कळ्या लावल्या. मी प्रश्न सांगितला आणि हात जोडून बसलो. बसल्यावर मात्र लक्षात आलं की मी विचारायला आलोच नव्हतो. ठरलेल्या उत्तरावर सही घ्यायला आलो होतो. आणि खाटेवर असताना, जेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं, तेव्हा मन कसं शांत होतं. ते आठवलं. मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, बाई गं, जे देशील ते. हे शब्द माझे आहेत ह्याचं मलाच नवल वाटलं.

टप्प असा आवाजही झाला नाही. डोळे उघडले तर डावी कळी खाली पडली होती. उजवी समईच्या धगीत तशीच, टवटवीत.

पहिल्यांदा कोण बोललं असेल? आई. तिला हवं होतं तेच उत्तर आलं होतं, पण तिनं माझा पडलेला चेहरा पाहिला होता. “तात्या, पुन्यांदा लावा,” ती म्हणाली. “वारा आला जरा. ती कळी धड भिजलीच नव्हती, म्या बगितलं.”

“आई, राहू दे,” मी म्हणालो.

“आरं, पर तू...”

“विचारलं ना मी? मग झालं.”

सुमननं पदर डोळ्यांना लावला. तात्यांनी खाली पडलेली कळी उचलली आणि माझ्या ओंजळीत टाकली. मी जरा बिचकलो. डाव्या कळीचं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं.

“घ्या की मास्तर,” तात्या म्हणाले, “परसाद हाय. दोनी बाजूच्या कळ्या परसादच आस्त्यात.”

त्या वर्षी मी पठारावर गेलो नाही. पाऊस आला, गेला, आणि मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. का गेलं नाही, ते मला सांगता येणार नाही. ती कळी मी घरी आणली नाही. तिथंच, देवीच्या समोर बसून, मी ती हुंगली. तगरीला वास इतका मंद असतो की नाक अगदी टेकवावं लागतं. मी टेकवलं आणि मग कपाळाला लावली.